एक मशीन, एक ताट आणि थानाबद्दलची माफी

मी, मोहित चंद्रभान लांजेवार, वय २१, धंदा शिवणकाम, शिक्षण बी.कॉम. दुसरं वर्ष अर्धवट, राहणार नागपूर, हे मृत्युपत्र दवाखान्याच्या खाटेवर बसून स्वतःच्या हातानं लिहितो. उद्या सकाळी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. पण सही घेतली त्या कागदावर 'जीवास धोका' असं छापलेलं आहे, आणि छापील आश्वासनांपेक्षा छापील धोक्यांवर माझा आता जास्त विश्वास आहे. ताप उतरला आहे, डोकं ठिकाणावर आहे. शेजारच्या खाटेवरचे मनोहरराव पूर्वी कोर्टाबाहेर अर्ज लिहून देत. कायद्याचं ते सांगतात.

"कोणाच्या दबावाखाली नाही, असं लिही."

"दीपमालाचा आहे. तेही लिहू?"

"ते नको लिहू गा."

म्हणून लिहीत नाही. दीपमाला म्हणजे जिच्याशी मला लग्न करायचं आहे ती.

कलम १. गांधीबागेत बाबांचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे. सहा मशिनी होत्या. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्यानंतर पाच विकल्या. कारागीर गेले, म्हणून कॉलेज सोडून सहावीवर मी बसलो. ती मशीन आणि मोठी कात्री बाबांना. विकू नये. शाळा कधीतरी उघडतील.

कलम २. आईचं पितळी ताट आईला परत. पंतप्रधानांनी सांगितलं तेव्हा गच्चीवर ते मीच उलथन्यानं बडवलं होतं. पोचा माझा आहे. वाजवणाऱ्यांत मीही होतो, हे लपवत नाही.

कलम ३. पंतप्रधानांबद्दलचं माझं मत. हे कोणाच्या नावे करावं ते कळत नाही, ज्याला हवं त्यानं घ्यावं. रेशनचं फुकट धान्य आमच्याही घरी आलं, आम्ही ते खाल्लं, त्याबद्दल बोलायला जागा नाही. पण धंद्यांना तारण न ठेवता कर्ज देणार म्हणून टीव्हीवर ऐकलं आणि बाबा इस्त्रीचा सदरा घालून बँकेत गेले. तिथे कळलं, फेब्रुवारीअखेर ज्यांच्यावर कर्ज होतं त्यांनाच त्याच्या वीस टक्के आणखी मिळेल. बाबांनी जन्मात कर्ज घेतलं नाही. हे ते लोकांना अभिमानानं सांगायचे. त्या दिवसापासून सांगत नाहीत. ज्या माणसानं हा नियम येऊ दिला त्याला संकट समजलं होतं असं मी मरतानाही म्हणणार नाही.

कलम ४. आम्हाला कापड देणारे ठोक व्यापारी ओमप्रकाशजी, म्हणजे दीपमालाचे बाबूजी. त्यांच्या डोक्यावर मोठं कर्ज होतं, त्यामुळे त्यांना मिळालं. गेल्या महिन्यात बाबांसोबत त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "एवढा मोठा देश सांभाळला त्याईनं. तुह्या बापानं कर्जच नाही घेतलं, तर ते काय करतीन गा?"

मी म्हणालो, "तुमाले भेटलं म्हणून गोड लागून राहिलं," आणि काउंटरवरचं निळ्या कापडाचं थान, म्हणजे अख्खा तागा, ढकललं. ते उलगडत रस्त्यापर्यंत गेलं. मी तसाच निघून आलो. मागे वळून पाहिलं तर बाबा रस्त्यावर वाकून ते झटकत होते, घडी घालत होते.

परवा दीपमाला म्हणाली, "रविवारी मले पाहाले येऊन राहिले. त्याच्या आधी बाबूजीले माफी माग. मत नको बदलू. नुसतं थानाचं म्हण."

"मी काहून म्हणू?"

"मंग रविवारी चहा द्याले ये."

तर थानाबद्दल ओमप्रकाशजींची आणि बाबांची माफी मागतो. माझ्या मृत्यूनंतर दोघांना एकत्र बसवून हे वाचून दाखवावं. जिवंतपणी तोंडातून निघत नाही. आरशासमोर करून पाहिलं आहे.

कलम ५. दीपमालाला मी काहीही देत नाही. मनोहरराव म्हणतात, ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. तिनं सही करायला यावं, एवढ्यासाठी तिला वगळलं आहे.

वरील मजकूर मला वाचता येतो, समजतो, आणि त्यातलं कलम ३ सोडून बाकी सगळ्याची लाज वाटते.

सही: मोहित चंद्रभान लांजेवार
नागपूर, १६ सप्टेंबर २०२१

साक्षीदार १: मनोहरराव, खाट क्र. ७. मुलगा शुद्धीवर आहे. तोंड मात्र फार चालते.

साक्षीदार २: दीपमाला. वाचून सही केली. कलम ३ राहू दे. कलम ४ मेल्यावर चालणार नाही. बाबूजी बाहेर बाकावर बसून आहेत, तुझे बाबाही. दोघांना आत पाठवते.