कॅप्टन इलायस टिझर्ड यांच्या कबरीचा शोध

९ सप्टेंबर, मंगळवार
पोस्टमास्तरकीतून सुटलो. आजपासून कुळाचा इतिहास. मूळ पुरुष कॅप्टन इलायस टिझर्ड. इंग्लंडातल्या डॉर्सेटहून स्वतःचं जहाज घेऊन इकडे न्यूफाउंडलंडला आला आणि लँटर्न कोव्ह गाव वसवलं. (जहाजाचा पुरावा नाही. मिळेल.) संकल्प: बर्फ पडायच्या आत त्याची कबर शोधणे, वर दगड बसवणे, झाडून सगळ्या टिझर्डांना जेवण घालणे.

एफीने विचारलं, "रविवारी चर्चमागे येतोस का, आपल्या कॅल्विनकडे?" म्हटलं, या रविवारी काम आहे. मग सुरू झाली. पोराची बोट उलटून दोन वर्षं झाली, बाप एकदा कबरीपाशी गेला नाही, वगैरे. दफनाच्या दिवशी मी फाटकाशी उभा होतो, आत नव्हतो, हे खरं. पण गाड्या कोणीतरी लावून घ्यायला नकोत?

१४ सप्टेंबर, रविवार
ड्रुसिला आत्याकडे. वय एक्क्याण्णव, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. चहात डब्यातलं दूध ओतता ओतता म्हणाली, "कॅप्टन? अरे, बटाटे सोलायचा तो जहाजावर! करारावर आणलेला पोरगा. पहिल्या थंडीत इथल्या एका मुलीने पोटभर जेवायला घातलं, म्हणून राहिला."
आत्याचं वय झालं.
नोंद: इलायस जहाजाच्या अन्नपुरवठा खात्यात वरच्या हुद्द्यावर.

१५ सप्टेंबर, चहाच्या वेळी
मागच्या पडवीत रबरी बुटांचा आवाज. ओले बूट. फच, फच, दारापर्यंत आले नि थांबले. उघडलं, तर कोणी नाही. पाण्याचा पाइप असणार.
एफीने विणकामातून मानही वर केली नाही. म्हणाली, "आत ये म्हणावं त्याला."
एफीला डॉक्टरकडे न्यायला हवं.

२० सप्टेंबर
हेडलीच्या बोटीने लँटर्न कोव्ह. चुलतभाऊ आहे म्हणून आला, कुरकुर करत. सरकारने गाव उठवलं तेव्हा आम्ही घरंसुद्धा पाण्यावरून ओढत इकडे आणली. मेलेले तेवढे तिथेच राहिले. दाट धुकं. हेडली बोटीतून उतरला नाही. "मला इथे कुणाला भेटायचं नाहीये. तू जा बाबा."

कबरस्तानात गवत कमरेपर्यंत. दगडांवरची नावं बोटांनी चाचपत होतो, एवढ्यात मागे पावलं. मी थांबलो की थांबायची. ओळखलं. इलायस रस्ता दाखवायला आला. मोठ्याने म्हटलं, "कॅप्टन, पुढे व्हा." पुढे काही कोणी आलं नाही. मागेच राहिलं. मग खोकला. कोरडा, दोनदा, घसा साफ करून काही सांगायच्या आधी खोकतात तसा. तो खोकला मी...
डॉर्सेटची हवा दमट. तिथल्या माणसांना खोकला असणारच.

परत जरा भरभर आलो. हेडली म्हणतो, पळत. "विल्फ, तोंड कसं झालंय बघ तुझं!" म्हटलं, धुक्यात सगळेच पांढरे दिसतात.
चौकशी करणे: इलायसच्या काळी रबरी बूट होते का?

२३ सप्टेंबर
पुन्हा आत्याकडे. कबर सापडली नाही म्हटल्यावर हसायला लागली. "सापडेल कशी? तो बोटीसकट गेला. काहीसुद्धा हाती आलं नाही." मग हसणं थांबलं. म्हणाली, आमच्यात सांगतात, त्याची बायको मरेपर्यंत किनाऱ्यावर फिरायची. म्हणायची, एवढीशी जागा मिळाली असती तरी तिथे जाऊन बसले असते.
आत्या माझ्याकडे वळली. "तुला जागा मिळाली आहे, विल्फ."
चहा गार झाला होता. निघालो. बुटांची चौकशी राहिली.

२४ सप्टेंबर
टिझर्डांचं जेवण तूर्त पुढे ढकललं. कारण हवामान.

२७ सप्टेंबर, चहाच्या वेळी
बूट आले. दाराशी थांबले. उठलो, दार उघडलं आणि म्हटलं, "ये आत." कोणी आलं नाही. दार तसंच ठेवलं. घर पार गारठलं. एफीने विणकाम ठेवलं. उठून शाल आणली आणि माझ्या खांद्यावर टाकली.
नंतर मीच एफीला म्हटलं, उद्या येतो चर्चमागे.

२८ सप्टेंबर, रविवार
टाय लावला. एफीला म्हटलं, तू ये माझ्या मागून. कबरी शोधण्यात आता माझा हात धरणारा या किनाऱ्यावर कोणी नाही. ती बरं म्हणाली.

फाटकाशी थोडा वेळ गेला. मग आत. जिकडे तिकडे टिझर्डच. सरळ चालत गेलो, थांबलो, टोपी काढली. बोललोसुद्धा. बोटीबद्दल, त्या दिवशी आमचं जे वाजलं त्याबद्दल, आणि आई बरी आहे म्हणून. बरंच बोललो. नाक पुसलं.

एफीने थांबू दिलं. मग माझी बाही धरून हळूच म्हणाली, "विल्फ, हे नॉर्मनकाका. आपला तिकडे आहे, कुंपणाजवळ."