गणपतपेक्षा चांगलं प्रेशर

४ जानेवारी
डॉक्टर मानसीच्या परळच्या दवाखान्यात गेलो. प्रेशर १६८. मागच्या खेपेला १२६, त्याआधी १५४. मी म्हटलं, सरासरी काढा, ठीकच येईल. ती म्हणाली, काका, आकडा दर खेपेला असा वरखाली होणं हेच हार्टला वाईट, सरासरी चांगली असली तरी. गोळ्या रोज घेता ना?
घेतो. म्हणजे डोकं जड झालं की घेतो.
दार उघडं होतं. बाहेर गणपत बसलेला. चाळीपासूनचा शेजारी, आता टॉवरमध्येही समोरचं दार. म्हणाला, लवूचं प्रेशर म्हणजे आमची लिफ्ट. अख्खं वेटिंग हसलं. त्याचं स्वतःचं दर वेळी १३०.
याचा बदला घेणार.

५ जानेवारी
प्लॅन ठरला. पुढच्या व्हिजिटला १२०. डॉक्टरला मोठ्याने वाचायला लावणार, गणपतसमोर. आजपासून मीठ बंद, गोळी रोज.

९ जानेवारी
जेवायला सुकट होती. ती मुळातच खारट, त्याला मी काय करणार. अंबिकेने विचारलं, गोळी घेतलीत? म्हटलं, बायकोच्या चौकशीनेच प्रेशर वाढतं.

२० जानेवारी
गोळीची गरज वाटत नाही. इच्छाशक्ती पुरते. गणपत खाली भेटला, लिफ्टचं बटण दाबून हसला. डोकं जड झालं. एक घेतली.

२ फेब्रुवारी
परवा व्हिजिट. गोळ्यांचं पाकीट जवळजवळ भरलेलं. बॅकलॉग भरून काढायचा. उद्या दोन, परवा सकाळी तीन. गणपतलाही सोबत चल म्हटलं. बिचारा लगेच तयार झाला.

५ फेब्रुवारी, हॉस्पिटल
प्रेशर ८४. प्लॅनपेक्षाही खाली. डॉक्टरने मोठ्याने वाचलंही, पण तेव्हा मी दवाखान्याच्या लादीवर आडवा होतो. डोकं गणपतच्या मांडीवर. लवू, डोळे उघड रे मेल्या, एवढंच म्हणत होता. हसत नव्हता. रडत होता.
टॅक्सीतही हात सोडला नाही. याचाही हिशोब होईल.

१२ फेब्रुवारी
घरी. अंबिकेने गोळ्या गणपतकडे देऊन टाकल्या. मला विचारलंसुद्धा नाही. तो रोज सकाळी येतो, गोळी हातावर ठेवतो, गिळेपर्यंत समोर उभा राहतो. हा अपमान विसरणार नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळी
गणपत अजून आला नाही. पाण्याचा पेला घेऊन दोनदा दारात जाऊन आलो. हवा खायला.