अकोल्याचा लंबक

८ जाने. ६१, अमरावती
माझा दोस्त सुदाम वारला, त्याला महिना होत आला. रात्री आठच्या बातम्यांआधी रेडिओवर टोले पडतात, त्यावर तो अकोल्यात घड्याळ लावायचा, मी इथे. आज एकट्यानेच लावलं. फार ओकंबोकं वाटलं.

२१ ला चंद्र एका ताऱ्याला झाकणार. तारा नेमका कधी विझला, ते दोन्ही गावांहून सेकंदाच्या आत टिपायचं, हा आमचा जुना उद्योग. माझं गजराचं घड्याळ मनाला येईल तसं पळतं. नेमकं घड्याळ त्याच्याकडे. वहिनींना आता त्याचा काय उपयोग? मागून आणावं.

१६ जाने.
काल अकोला. वहिनींनी चहा दिला. आतल्या खोलीत घड्याळ चालू. आम्हीच केलेलं: लंबकाला जवसाच्या तेलात मुरवलेली सागाची काठी, खाली कापूस तोलायच्या काट्याचं जुनं वजन. खर्च जवळजवळ नाहीच.

"नेऊ का?" विचारलं. "न्या ना," म्हणाल्या. मी लंबक धरला. खोली एकदम गप्प. वहिनी दारातच बसल्या.

"थांबवलं काहून, भाऊजी? मले वाटलं, चालूच नेता येते. रोज किल्ली देऊन राहिली मी. तेवढाच आवाज होता घरात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. लंबक सोडला, पण वेळ चुकली ती चुकलीच. मग आठ वाजेपर्यंत थांबलो. रेडिओ त्यांनीच लावला. शेवटच्या टोल्याला म्हणाल्या, "आता." सुदामसाठी रोज म्हणत असाव्यात. काटे लावले, घड्याळ तिथेच ठेवलं.

निघताना २१ ची वेळ सांगितली. सुदामची दुर्बीणही त्याच घरी आहे, एवढंच बोललो.
"मले त्यातलं काय समजते?" मग दारापर्यंत येऊन, "चंद्र कोन्या बाजूले राहते तवा?"
पश्चिमेला, म्हटलं.

२१ जाने.
आभाळ स्वच्छ. गच्चीवर माझी दुर्बीण, रेडिओ, गजराचं घड्याळ. थंडी बरीच. सुदामची आठवण इतकी आली की भिंगाला डोळा लावता येईना, पुसून पुन्हा लावला.

शेवटच्या टोल्याला "आता" म्हणालो, मोठ्याने. ऐकायला कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने तारा गेला. माझी वेळ लिहिली, पुढे प्रश्नचिन्ह. घड्याळच तसलं.

वहीत शेजारी अकोल्याचा रकाना. गेल्या खेपेला, सुदाम नव्हता म्हणून, त्यात रेघ मारली होती. आज मारली नाही, वहिनींसाठी कोरा ठेवला.