खडूने आखलेलं स्वयंपाकघर

प्रिय चिमे,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, म्हणजे मी आहे. फोनच केला असता, पण तुला माहीतच आहे, तुझा आवाज आला की बाबा शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लावायला लावतात. त्यांच्यासमोर बोलता येणार नाही असं आजवर माझ्याकडे काही नव्हतं. आता आहे. ते जेवून झोपलेत, म्हणून शिलाई मशिनवर कागद ठेवून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर मशिनला बोल लाव.

आधी स्वयंपाकघराची बातमी. सिंकखालची भिंत ओली होती ती आता पोपडे धरून गळायला लागलीय. गवंडी म्हणाला, ओटा फोडल्याशिवाय गत्यंतर नाही. झालं! तुझ्या बाबांना तेवढंच हवं होतं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभा जन्म समोरासमोरच्या दोन ओट्यांच्या मधे काढला, आणि घरी मात्र कोपऱ्यात वळलेला हा ओटा, ज्याच्या कोपऱ्यात ठेवलेलं भांडं परत सापडत नाही. रोज संध्याकाळी त्याला शिव्या घातल्याशिवाय त्यांनी कांदा चिरला नसेल. आता म्हणतात, दोन ओटे म्हणजे दोनच. एका बाजूला धुवायचं, चिरायचं, दुसऱ्या बाजूला शिजवायचं, वाढायचं. स्वयंपाक्याने चालायचं नसतं, नुसतं वळायचं असतं. हे वाक्य तू लहानपणापासून ऐकलंयस. तुला स्टुलावर उभं करून ऑम्लेट उलटायला शिकवलं तेव्हाही हेच चाललं होतं, आणि मी दारात उभी राहून पोर भाजेल म्हणून ओरडत होते.

नकाशा कागदावर काढतील तर ते तुझे बाबा कसले! माझ्या डब्यातला कापडावर खुणा करायचा खडू घेतला, सोफा भिंतीला लावला आणि हॉलच्या फरशीवर खऱ्या मापाचं अख्खं स्वयंपाकघर आखलं. गेला आठवडाभर आम्ही पलंगावर बसून जेवतोय. शेजारीण साखर मागायला आली ती सरळ आत शिरली, तर तिला म्हणाले, अहो, शेगडीवर पाय देताय. बिचारी दचकून मागे सरली.

पण खोटं कशाला बोलू, डोकं मात्र चालवलंय. फ्रिज दाराजवळ, म्हणजे पाणी प्यायला येणारा आत घुटमळणार नाही. सिंक खिडकीखाली. शेगडी सिंकच्या नेमकी समोर नाही, थोडी बाजूला, म्हणजे एकजण भांडी घासत असेल तर दुसऱ्याच्या पाठीला पाठ लागणार नाही. समोरासमोरचे ड्रॉवर एकदम उघडले तर एकमेकांवर आपटतील, म्हणून एका बाजूला ड्रॉवर आणि दुसऱ्या बाजूला उघडी फळी. गवंडी मान डोलावत ऐकत होता. मधली वाट किती ठेवायची एवढंच अडलं. तो म्हणाला चार फूट ठेवतात. मी टेप काढली, बाबांना मधे उभं केलं, दोन्ही हात कोपरातून चांगले वाकवून बाजूला धरायला लावले आणि एका तळव्यापासून दुसऱ्या तळव्यापर्यंतचं माप घेतलं. गवंडी हसायलाच लागला, म्हणाला, बाई, ओटा शिवायचा नाहीये. बाबाही हसले. मीही हसले. पण मला तेच माप हवं होतं. चुकून तोल गेलाच तर दोन्हीकडे हाताला काहीतरी लागावं एवढं.

आता ते माप मी का घेतलं ते सांगते.

हाताचा कंप तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी त्याला कंपवात म्हटलं हेही मी सांगितलं होतं. बाबांनी ते हातापुरतंच धरलंय. चहा अर्धा कप भरून पितात, सुरी मोठ्या मुठीची आणलीय, आणि वर मलाच सांगतात की मीठ आता आपोआप भुरभुरतं. मागच्या खेपेला ते रक्ततपासणीला आत गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी मला विचारलं, घरी काय काय करतात? मी म्हटलं, स्वयंपाक, अजून तेच करतात, मला तर धड भात जमत नाही. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, सरळ चालणं बरेच दिवस टिकेल, पण वळताना जपायला हवं. लहान जागेत गर्रकन वळायला गेलं की या दुखण्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. माणूस पडतो तो तिथे. औषधाने थोडं आवरतं, पण पुढे पुढे वाढत जाणार.

चिमे, मी मान हलवली आणि त्यांना घेऊन घरी आले. चपला काढून हॉलमध्ये बघते तर हा माणूस खडूच्या दोन रेघांमधे उभा राहून हसत हसत वळतोय. इकडून तिकडे, तिकडून इकडे. कुठल्या तोंडाने सांगायचं?

मला उपाय सुचतात आणि लगेच कोसळतात. भिंतीला लागून एकच लांब ओटा केला तर ते बाजूबाजूने सरकत काम करतील, वळावं लागणार नाही. पण मग एकच का, ते सांगावं लागेल. दोन ओटे ठेवून वाट अरुंद केली तर धरायला आधार होईल, पण वळणं काही चुकणार नाही, आणि समोर उकळतं भांडं असेल. लहान मुलांचे कपडे शिवताना आम्ही आत कापड दुमडून ठेवतो, पोर वाढेल तसं सोडायला. इथे माणूस दिवसेंदिवस कमी होत जाणार, त्याचं उलट माप कसं घेतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. ग्राहकाला कपडा बसला नाही तर उसवून परत शिवते, ओटा उसवता येत नाही. आणि हे सगळं मी ज्याला विचारलं असतं, तो माणूस नेमका हाच आहे.

आज सकाळची गोष्ट. रिकामं पातेलं घेऊन त्यांची तालीम चालू होती. मी बटणं लावत बसले होते. सिंककडून शेगडीकडे वळले आणि अर्ध्यावरच थांबले. मला वाटलं, काही आठवतायत. मग पातेलं थरथरायला लागलं. पाय उचलतच नव्हते. चहूबाजूंना मोकळी फरशी, आणि ते मधे अडकलेले. मी उठले, धावले, आणि तुला खरं वाटणार नाही, रेघ ओलांडली नाही. फ्रिजला वळसा घालून, दाराच्या बाजूने आत शिरले. त्यांचा हात धरला. बराच वेळ गेला तेव्हा कुठे पाऊल सुटलं. घामाने सदरा ओला झाला होता. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, हे असंच होत जाणार का गं? आणि मी म्हटलं, छे, खडूची भुकटी पडलीय, पाय घसरतो तिच्यावर. त्यांना ते पटलं. बायकोचं आजवर एक ऐकलं नाही, आज हे ऐकलं. ओला फडका आणून गुडघ्यावर बसले आणि भुकटी पुसून रेघा परत आखल्या, बारीक.

परवा गवंडी पहार घेऊन येतोय. त्याला नको म्हणायचं, तर का नको ते यांना सांगावं लागेल. हो म्हणायचं, तर त्यांना पाडणारी जागा मीच माझ्या मापाने बांधून देणार. सकाळपासून दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा त्यांनी मलाच विचारलं, खिडकीखालची फळी कुठल्या रंगाची हवी, आणि मी रंग सांगून आले. माझ्याने होत नाही गं. तू ये. तुला सांगता आलं तर तू सांग, आणि तुलाही नाही आलं तरी ये. मी पांढरा रंग सांगितलाय.

तुझीच,
आई