दीडशे वाक्यं

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकली असशील. म्हणून आधीच सांगतो, आईची तब्येत गेल्या आठवड्यात होती तशीच आहे. गिळायला त्रास होतो, पण पातळ करून दिलं की जातं पोटात. मी आता भाजी इतकी मऊ शिजवतो की ती कसली आहे हे मलाच ओळखू येत नाही. आई पहिला घास घेते आणि चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघते. एवढं सोडलं तर सगळं ठीक. पत्र लिहितोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. फोनवर सांगायला गेलो की तू मधेच काहीतरी विचारतेस आणि मी त्या प्रश्नाच्या आड लपतो. कागदावर तशी सोय नाही.

तुला यातलं बरंचसं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. एकतीस वर्षं वजनकाट्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून घालवल्यावर माणसाला मधूनच सुरुवात करता येत नाही. आईचा पहिल्यांदा ‘र’ गेला. एका सकाळी ती मला म्हणाली, ‘अहो, दवाजा लावा.’ मला हसू आलं. मी तिची नक्कल केली, दिवसभर ‘दवाजा, दवाजा’ करत घरात फिरलो. तीही हसली. सत्तावीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून जिने हजारो गाड्या पुकारल्या, तिची जीभ एका ‘र’पाशी अडखळावी, याची आम्हा दोघांनाही गंमतच वाटली. तुला आठवत असेल, बाजारात तिने नुसतं ‘अर्धा किलो द्या’ म्हटलं तरी मागचा कुणीतरी वळून विचारायचा, ‘ताई, साडेपाचची लागली का हो?’ चेहरा कुणाला माहीत नव्हता, आवाज सगळ्यांना. मग ‘ळ’ गेला, ‘ट’ बोथट झाला आणि आम्ही मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तिला बोटं उघडझाप करायला लावली, जीभ बाहेर काढायला लावली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की हाता-पायांचं नंतर बघू, आधी बोलणं जाईल. सहा महिने समजेल असं बोलतील, कदाचित कमी.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. तू कुठेतरी वाचलं होतंस. आपण वापरतो ती नव्हे, त्या दुसऱ्या कंपनीचा नवा, सगळ्यात वरचा फोन आलाय, त्याच्यासमोर बसून दीडशे वाक्यं वाचली की तो माणसाचा आवाज शिकून घेतो, आणि पुढे आपण नुसतं टाइप करायचं, तो त्या माणसाच्या आवाजात बोलतो. तू म्हणालीस, ‘बाबा, आजच जा. उद्या नाही, आज.’ मी ‘हो’ म्हणालो आणि वही काढली.

माझी वही तुला माहीत आहे. मिक्सर घेताना काढली होती, तुझ्या कॉलेजसाठी काढली होती. मधोमध रेघ मारली, डावीकडे आपली कंपनी, उजवीकडे ती. आपल्या कंपनीचे फोन आम्ही दोघं बारा वर्षं वापरतोय. दोघांचे सारखे, एकीचं अडलं की दुसऱ्याला कळतं. त्या फोनमध्ये मागे जायचं बटणच नाही म्हणे, बोट कडेने ओढायचं. चार्जर वेगळा. फोटो इकडून तिकडे जातात, पण सगळे जातीलच अशी हमी दुकानात कुणी देईना. काउंटरवरच्या मुलीकडे मी अकरा वेळा गेलो असेन. ती बिचारी दर वेळी नव्याने हसायची. मी कॅमेरा विचारला, बॅटरी विचारली, खाली पडला तर काच टिकेल का विचारलं. आवाजाचं मात्र तिला एकदाही विचारलं नाही. मग कुणीतरी सांगितलं की दोन महिन्यांत पुढचं मॉडेल येतंय, त्यात हीच सोय आणखी चांगली असणार. मला केवढा आनंद झाला! थांबायला कारण मिळालं. वहीत मी त्या मॉडेलसाठी तिसरा रकाना आखला.

आई हे सगळं बघत होती. एकदा चहा घेताना ती हळूहळू, एकेक शब्द सोडवत म्हणाली, ‘अहो, ही वही भरेपर्यंत मी बोलेन का?’ मी म्हटलं, ‘घाई करून चुकीची वस्तू घ्यायची का?’ पुढे तिने फोनचं नाव काढलं नाही.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. ती वही फोनसाठी नव्हतीच गं. चार्जरचं मला काय होतं? तो फोन ज्या दिवशी घरात येईल, त्या दिवशी तुझ्या आईला टेबलाशी बसवून म्हणावं लागेल, की वाच, तुझा आवाज जाणार आहे, आधी काढून ठेवू. ते माझ्याच्याने म्हणवत नव्हतं. रोज सकाळी ती उठून ‘चहा टाकू का?’ म्हणायची तेव्हा मी कान लावून ऐकायचो आणि स्वतःला सांगायचो, कालच्यापेक्षा आज स्पष्ट आहे. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे चुकणारे काटे पकडले मी. अर्ध्या ग्रॅमचा फरक हाताला कळायचा. घरात मात्र ठरवून चुकीचा आकडा वाचत राहिलो.

पाच महिन्यांनी घेतला फोन. नवं मॉडेल आलं म्हणून नाही, ते तर पुढे ढकललं गेलं होतं. आईला पाणी पिताना ठसका लागला, तिने मला हाक मारली आणि शेजारच्या खोलीत असून मला ती हाक वाटलीच नाही, काहीतरी सरकवल्याचा आवाज वाटला, म्हणून. दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच दुकानात गेलो. मुलीने विचारलं, ‘आवाज कुणाचा भरायचाय?’ आई म्हणाली, ‘माझा.’ मुलगी तिच्याकडे बघून हसली आणि मग माझ्याकडे वळली, मी समजावून सांगावं म्हणून. एवढासा शब्द. उशीर झालाय हे मला तिथेच कळलं होतं. तरी घेतला.

तीन दुपारी लागल्या. खिडक्या लावून, दारामागे रजया टांगून आम्ही स्वयंपाकघरात बसलो, कारण रस्त्याचा आवाज चालत नाही. पडद्यावर एकेक वाक्य यायचं. ‘पाहुणे उद्या सकाळी येणार आहेत.’ ‘माझा चष्मा कपाटावर ठेवला आहे का?’ आई वाचायची आणि फोन सांगायचा, पुन्हा वाचा. पुन्हा वाचायची. पुन्हा वाचा. सत्तावीस वर्षांत तिला कुणी परत बोल म्हटलं नव्हतं, भिंगरी. चष्म्याचं वाक्य तिने नऊ वेळा वाचलं. दहाव्यांदा तिला हसू फुटलं. हल्ली ते हसूही तिच्या हातात राहिलेलं नाही, नको तेव्हा येतं आणि थांबता थांबत नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, आणि मी मूर्खासारखा फोन धरून बसलो होतो, कारण नोंद चालू होती. मी म्हटलं, ‘राहू दे, पुरे.’ तिने मान हलवली आणि माझ्या हातातून फोन ओढून घेतला. दीडशेच्या दीडशे वाचली तिने.

तयार व्हायला एक दिवस लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टाइप केलं, ‘चहा टाकू का?’ आणि बटण दाबलं. फोनने त्याचं काम चोख केलं होतं. जो आवाज दिला, तोच त्याने परत दिला. तिचाच होता, शंकाच नको, पण आताचा. ओला, जड, घसरणारा, ‘ट’ बोथट झालेला. आईने आणखी दोन वाक्यं टाइप करून ऐकली. मग शांतपणे यादी उघडली, तो आवाज पुसून टाकला आणि कंपनीने तयार ठेवलेल्या आवाजांतला एक निवडला. तरुण, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. कागदावर मला लिहून दाखवलं, ‘ही बरी. हिचं बोलणं लोकांना कळेल तरी.’

त्या दिवसापासून घरात ही तिसरी बाई आहे. ती मला ‘अहो’ म्हणते, दोन अक्षरांत अंतर ठेवून, रस्त्यात पाकीट पडलं म्हणून कुणी अनोळखी माणूस हाक मारतो तशी. भाजी आळणी झाली हे आणि छातीत दुखतंय हे, दोन्ही एकाच सुरात सांगते. जुना आवाज कुठे मिळतो का म्हणून मी बसस्थानकावरही जाऊन आलो. तिथे आता सगळं यंत्रच पुकारतं. साहेब चांगले होते, कपाटं उघडून दाखवली, पण तिच्या वेळी सगळं जागेवर बोललं जायचं, भरून कुणी ठेवत नव्हतं. घरातल्या प्रत्येक चित्रफितीत कॅमेरा तिच्या हातात आहे, आणि मधे आपला आवाज नको म्हणून ती बोलतच नाही. मामाच्या लग्नातली तेवढी एक सापडली, त्यात ती बँडच्या गोंगाटात ‘सरका, सरका’ म्हणते. तेवढंच.

आणि तुला मी काय सांगितलं? तू फोन घ्यायला सांगितलंस त्याच्या चौथ्या दिवशीच सांगितलं की घेतला. पुढच्या आठवड्यात सांगितलं की वाक्यं वाचून झाली, आवाज अगदी हुबेहूब उतरलाय. तू ऐकवा म्हणालीस, तर म्हटलं, आईला संकोच वाटतो, तू आलीस की ऐक. तिच्याजवळ विषय काढू नकोस, तिला रडू येतं, हेही मीच बजावलं. आईला वाटत होतं मी तुला सगळं खरं कळवलंय आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तू गप्प आहेस. दोघींच्या मधे मी असा उभा राहिलो.

रविवारी तुझा संदेश आला. सातवा लागलाय, डॉक्टर प्रवासाला नाही म्हणतात, आता बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत येणं नाही. आणि पुढे, ‘बाबा, आईच्या त्या आवाजात चार गोष्टी आणि एक अंगाई भरून पाठवा. बाळाला आजी ऐकू येऊ दे.’ तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. तुला काय सांगावं ते वहीत लिहून पाहत होतो, डावीकडे खरं, उजवीकडे आणखी एक खोटं. आज सकाळी माझा फोन टेबलावर राहिला आणि आईने तो संदेश वाचला. वहीही वाचली. मग तिने आपला फोन घेतला, बराच वेळ टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं आणि बटण दाबलं. ती बाई म्हणाली, ‘तिला खरं लिहा. आजच लिहा.’ मी आईच्या तोंडाकडे पाहिलं, पण आता चेहऱ्याचे स्नायूही फारसे हलत नाहीत. आवाजावरून कळावं, तर त्या बाईला रागावता येत नाही. आई माझ्यावर चिडली होती, की तिला माझी कीव आली होती, हे मला कळलं नाही. आणि आता विचारलं, तरी उत्तर तीच बाई देणार.

तुझाच,
बाबा