बोहनीचं नाव

आरमोरी, ४ ऑगस्ट २००३

आधी सगळ्यांची तब्येत! बायको फरहतचा गुडघा? — "चालते," म्हणते बाई. अश्वजित मास्तरची लेक नूतन? — ताप उतरला, पण सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजारच तो. पंधरा दिवसांत रक्त चढवावंच लागेल. संगणक? — खोकतो, पण उठतो. मी? — एकसष्टाव्या वर्षी संगणकाची नवी भाषा शिकतोय, म्हणजे ठणठणीत! पोरानं, फैजनं, पुण्याहून सीडी पाठवली. हॅस्केल!

५ ऑगस्ट

जुनी भाषा पर्ल, तिनं तीन वर्षं साथ दिली, खोटं कशाला बोलू? रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून रक्तदात्यांची दोनशे बारा नावं तिच्यावरच सांभाळली. पण भारी भोळी! काही राहून गेलं तरी हूं की चूं नाही. नूतनला बी निगेटिव्ह हवं, तर पर्ल म्हणते एकटा हरिदास. त्यानं तर मागच्याच महिन्यात दिलं, आता तीन महिने तो बाद! कुणी निसटत असेल का?

हॅस्केल मात्र दारातच अडवते. सहा ओळी, नऊ चुका!

९ ऑगस्ट

जमलं! जमलं!! यादी गाळणीतून ओतायची, हवे तेवढे लोक खाली, मूळ यादी जशीच्या तशी. नाचत फरहतला सांगितलं.

"गाळणी त मी तीस वर्षांपासून वापरून राह्यली. तवा तुमी नाई नाचले?"

१२ ऑगस्ट

अश्वजित आला. बसला नाही. "जलालभाऊ, अजून कोनीच नाई का?"

१४ ऑगस्ट

एखाद्याचा रक्तगट कोरा असू शकतो, एवढं कबूल केलं अन् हॅस्केल हटूनच बसली — कोरा असला तर काय करशील, ते लिही! लिहिलं: ते नाव वेगळं छाप.

एकच नाव छापलं. फरहत.

दुकानाची बोहनी करावी तसं यादीत पहिलं घरचं नाव घातलं होतं, गट न विचारताच! फैजही घरातच जन्मला, तिचं रक्त कुणी तपासलंच नाही. पर्ल दर वेळी मुकाट पुढे जायची. मीही.

"तुमी लोकायच्या घरोघरी फिरले. मले काऊन नाई इचारलं?"

परवा पहिल्या एसटीनं गडचिरोली, दोघंही.

१६ ऑगस्ट

बी निगेटिव्ह!! गुडघा विसरून रक्त द्यायला स्वतःच चढली खाटेवर.

१८ ऑगस्ट

नूतनला रक्त चढलं. फैजला कार्ड टाकलं — "तुझी अम्मी बी निगेटिव्ह निघाली. बेटा, तुझा गट कोणता? तुलाही कधी विचारलं नाही. लवकर लिही."