सील शाबूत, माल कमी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१५
आजपासून नवं आयुष्य. साखर बंद, बेकरी बंद, ऑफिसातला तिसरा चहा बंद. (दुसऱ्याचा विचार मार्चमध्ये.)

निमित्त: येत्या रविवारी दुपारी चारला लेकीच्या कॉलेज टीमची व्हॉलीबॉलची फायनल. काल जेवताना मी जाहीर केलं की सगळ्या टीमचा खाऊ मी स्वतः घरी करणार. हेल्दी बाइट्स. खजूर, ओट्स, पीनट बटर, जवस, कोको. बारा मुली, प्रत्येकी दोन, एकूण चोवीस. एक बाइट पंचवीस ग्रॅम, ना कमी ना जास्त. वजनमाप खात्यात बावीस वर्षं निरीक्षक आहे, गंमत नाही.

लेक नुसती बरं म्हणाली. बायकोने छताकडे पाहिलं आणि झेंड्याचं काय झालं विचारलं. सेमीफायनलला मी टीमसाठी झेंडा शिवणार होतो. झेंडा तयार आहे, फक्त दोन बाजू राहिल्यात. सध्या तो स्कूटरवर पांघरतो. त्याआधीच्या मॅचला मी नुसता बघायला जाणार होतो, तेही राहिलं. या वेळी मात्र लेकीला कळेल की बापाचा शब्द म्हणजे शब्द.

शिवाय यात भाजणं, शिजवणं काही नाही. दुधाच्या त्या प्रकरणानंतर घरात मला गॅसला हात लावायची बंदी आहे. नो-बेक हा शोध माझ्यासारख्याच कुणा अन्याय झालेल्या माणसाने लावला असणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७.००
खरेदी फत्ते. दुकानदार मला ओळखतो, त्याच्या काट्यावर शिक्का माझाच आहे. खजूर निवडताना आठ-दहा खाऊन पाहावे लागले. फळात फायबर असतं, त्यामुळे ते खाण्यात धरत नाहीत.

दुकानात खजूर सहाशे ग्रॅम. घरी मोजला तर पाचशे दहा. रस्त्यात हवा कोरडी होती. बाष्पीभवन.

सासूबाई (मुक्काम तीन महिने, मूळ बोली आठ दिवसांची) विचारत होत्या की जावईबापू, बाइट्स म्हणजे काय. चावे, असं बायकोने सांगितलं. पोरींना चावे कशाला देताय म्हणाल्या.

४ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ३.३०
अर्धी रजा टाकली. ऐतिहासिक दिवस.

३.५०. खजूर मिक्सरमध्ये. एक बी राहिली होती. मिक्सर एकदा ओरडला, मग जळका वास, मग शांतता. मिक्सर लग्नातला होता, त्याचंही वय झालंच होतं. बायको घरी नाही. बरंच झालं.

४.४०. हाताने मळतोय. मिश्रण बोटांना चिकटतं, बोटं एकमेकांना चिकटतात. फोन वाजला, नाकाने उचलला. साहेब होते. तब्येत कशी आहे म्हणाले. मी खरं तेच सांगितलं, हात उचलत नाहीत.

६.१०. चोवीस झाले! ऑफिसचा काटा घरी आणला होता. कुठलाही बाइट सव्वीस भरला की वरचा एक ग्रॅम काढायचा. तो परत भांड्यात टाकणं स्वच्छतेला धरून नाही, म्हणून तोंडात. नंतर रीतसर तीन नमुने काढून तपासले. चव उत्तम, पोत उत्तम, तिसरा जरा जास्तच उत्तम.

आनंदाने स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. पाय जवसावरून घसरला. पण आनंद कायम.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७.००
फ्रिजमधला डबा मोजला. एकवीस.

चोवीस केले, एकवीस उरले. तीन गायब. (कालचे तीन यात नाहीत, ते नमुने होते. नमुना मालात धरत नाहीत.) घरात चोर आहे. लेक पहाटे प्रॅक्टिसला जाते. बायको मिक्सर पाहिल्यापासून स्वयंपाकघरात माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. म्हणजे सासूबाई.

८.१५. इलाज केला. डब्याला तार ओवली, शिशाचं सील लावलं, खात्याच्या पकडीने माझ्या नंबरचा ठसा मारला. हे सील तोडणं कायद्याने गुन्हा आहे असं सगळ्यांना ऐकवलं. सासूबाई विचारत होत्या की त्या खजुराच्या गोळ्या झाल्या का. गोळ्या! साळसूदपणा पाहा.

सील मारण्यापूर्वी नियमाप्रमाणे दोन नमुने काढले. एक वरच्या थरातला, एक खालच्या.

संध्याकाळी ६.४५. मधला थर राहून गेला होता. सील उघडलं, तीन नमुने, पुन्हा सील.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.००
सील शाबूत. माल सोळा.

अंगावर काटा आला. म्हातारीकडे काय हत्यार आहे? तारेवर ओरखडा नाही. बावीस वर्षांत असला इसम पाहिला नाही. मनातून थोडा आदरही वाटला.

आता मालात भेसळ केली असण्याची शक्यता. बारा कोवळ्या पोरींच्या जिवाचा प्रश्न. स्वतःचा जीव धोक्यात घालून पाच नमुने तपासले. सुदैवाने मला काही झालं नाही.

सासूबाईंना लेखी नोटीस दिली: चोवीस तासांत खुलासा करावा. त्यांनी चष्मा नाही म्हणून ती घडी घालून डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली ठेवली. स्टूल आता डगमगत नाही.

संध्याकाळी ७.००. लेक विचारत होती, बाबा, चाललंय ना सगळं? अगदी वेळापत्रकाप्रमाणे, म्हणालो. ती बूट पुसत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, टेन्शन नको घेऊस. मी कशाला टेन्शन घेतोय? टेन्शनवर उपाय म्हणून तीन नमुने.

७ फेब्रुवारी, शनिवार. सायंकाळी ५.३०
आठ उरले. शेवटी सुनावणी ठेवली. हॉलमध्ये, सर्वांसमक्ष, डबा टेबलावर. सील शाबूत असल्याचं सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, जावईबापू, माझे खालचे दात सोमवारपासून दुरुस्तीला गेलेत, मी पेजेवर आहे.

अडचणीचा मुद्दा होता. मी तो नोंदवून घेतला.

मग बायकोने अगदी मऊ आवाजात विचारलं की गोदामात सील शाबूत आणि माल कमी निघाला, तर अहो, तुम्ही रिपोर्टमध्ये काय लिहिता. मी ताठ होऊन सांगितलं की अशा वेळी एकच माणूस जबाबदार, ज्याच्या हातात पकड आहे तो. बावीस वर्षं हेच लिहितोय.

सगळ्यांनी माझ्या हातातल्या पकडीकडे पाहिलं. मिक्सर चालू असता तर बरं झालं असतं.

नमुन्यांची बेरीज केली. बुधवार तीन, गुरुवार पाच, शुक्रवार आठ. सोळा. चोवीस वजा सोळा, आठ. म्हणजे चोरी झालेलीच नाही! हिशेब चोख जुळतो, खात्याची मान ताठ. बायकोला आनंदाने सांगितलं. ती म्हणाली, या घरात नमुना एकच आहे आणि बावीस वर्षं तो संपता संपत नाही. मुद्दा नीट कळला नाही, पण कौतुक असावं. सासूबाई पदराआड हसत होत्या.

६.३०. घाबरायचं काम नाही. आठ बाइट्स, बारा मुली. बारा सारखे तुकडे केले की झालं. फक्त ते सारखे हवेत. एक तुकडा सतरा ग्रॅम, शेजारचा पंधरा. सतरामधले दोन काढले. मग पंधरावाला जड निघाला. त्यातले काढले.

७.२०. बारा तुकडे अगदी समान. प्रत्येकी दोन ग्रॅम.

एवढा खाऊ हातावर ठेवणं बरं दिसणार नाही. सगळे एकत्र करून वळले. एक बाइट, चोवीस ग्रॅम. एक ग्रॅमची तूट माफ असते.

७.४५. लेकीला सांगितलं. आवाज बसला होता, खोकल्यामुळे. ती म्हणाली, अरे बाबा, मी टीमला काही सांगितलंच नव्हतं. सगळ्या केळी आणणार आहेत.

रागावली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. ठरवलं की उद्या मी जाणार. वेळेआधी. आणि हा एक तरी बाइट तिच्या हातावर ठेवणार. छोट्या डबीत ठेवून सील केला. पकड बरोबर घेणार, असावी.

८ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी ७.१०
साडेतीनला मैदानावर. प्रेक्षकांत पहिला मी. लेकीने मला पाहिलं आणि सर्व्हिसचा बॉल तिच्या हातातून निसटला. मग हसली. बाजूच्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. मी डबी उंच धरून दाखवली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

पहिला सेट आपला. दुसरा त्यांचा. इथे तिसराही पंचवीसचाच, त्यात चोवीस-चोवीस. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. शेवटच्या दोन्ही सर्व्हिस माझ्या लेकीच्या, आणि दुसरी त्यांच्या कोपऱ्यात अशी पडली की मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना उचललं. जड होते.

लेक घामाघूम धावत आली, मागे अकरा जणी. म्हणाली, बाबाने स्वतः घरी केलंय, एकच आहे, सगळ्यांनी चिमूट-चिमूट घ्या. काल न सांगितलेलं तिने आज सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बारा हात पुढे.

मी सील सर्वांना दाखवलं. शाबूत. तार कापली. झाकण उघडलं.

डबीत काही नव्हतं.

चोवीस-चोवीसला पकड माझ्या हातात होती, एवढं आता आठवतं. लाज वाटली. खरोखरची. नमुना म्हणायला तोंड उघडलं आणि दातांत अडकलेला जवस जिभेला लागला.

लेक डबीकडे बघत राहिली, मग माझ्या तोंडाकडे. मग इतकी हसली की खाली बसली. मुलींना म्हणाली, आला ना पण. मग पिशवीतून एक केळं काढून माझ्या हातावर ठेवलं.

ते खाल्लं. वजन केलं नाही. तपासणीसाठी नव्हे. भूक लागली होती.